थोमाला येशूने टोकलं का नाही?
येशू देव नाही असं म्हणत कुणीतरी बायबलमधलं योहान 14:28 (येशू म्हणतो, "पिता माझ्यापेक्षा थोर आहे") देऊन त्रैक्याचा (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) विषयच संपवलाय, पण भाऊ तेच शुभवर्तमान 20:28 पर्यंत वाचा ना, येशूचा शिष्य थोमा त्याच्या तोंडावर "माझा प्रभू, माझा देव" म्हणतो आणि येशू त्याला टोकत नाही. याउलट प्रेषितांची कृत्ये 10 मध्ये कर्नेल्य नावाचा रोमन अधिकारी येशूचा शिष्य पेत्र याच्या पाया पडला तर पेत्र त्याला लगेच उठवतो, की बाबा मी पण माणूसच आहे. प्रकटीकरणात देवदूतसुद्धा नमन घेत नाही. मग येशूने कसं घेतलं? पिता थोर आहे म्हणाला ते माणूस होऊन आलेला पुत्र म्हणून, पौल फिलिप्पै 2 मध्ये हेच लिहितो, देवाच्या स्वरूपाचा असून दासाचं रूप घेतलं. 1 योहान 5:7 चं (पिता, शब्द आणि पवित्र आत्मा हे तिघे एक आहेत) म्हणाल तर सोडूनच द्या, जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ते वाक्य नाहीये, आपलेच ख्रिस्ती लोक उगाच पुढे करतात. आणि इ.स. 325 ला निकायाच्या धर्मसभेत येशूला देव बनवला हे व्हॉट्सॲप ज्ञान झालं, प्लिनी हा रोमन गव्हर्नर 112 च्या आसपास सम्राट ट्राजनला कळवतो की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. मार्क 13:32 (शेवटची ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही) मात्र खरंच अवघड आहे, देव असून ठाऊक कसं नाही? चौथ्या शतकातला बिशप अथनासियस म्हणतो ते माणूस या नात्याने, मला पटतं, तुम्हाला नसेल पटत तर का ते लिहा.