ट्युलिपची फुलं संपली, आता पुढे काय? पानं कापायची का, कंद काढायचे का?

शेवंतीचा_वाफा:
आम्ही नेदरलँड्समधल्या अ‍ॅम्स्टलवेनला राहतो. घरामागच्या वाफ्यात नोव्हेंबरमध्ये ६० कंद लावले होते: ३० 'आपेलडोर्न', २० पॅरट जातीचे आणि १० 'क्वीन ऑफ नाइट'. शिवाय सुपरमार्केटमधून आणलेल्या, फुललेल्या ट्युलिपच्या दोन लहान कुंड्या आहेत. माती काळी, चिकण. पाऊस पडला की दोन दिवस ओल धरून बसते. मेच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या पाकळ्या गळल्या. आता नुसती पानं आणि दांड्यांच्या टोकाला हिरवी बोंडं उरली आहेत.

याच जागी डेलिया लावायचे आहेत. पानं आत्ता छाटली तर चालतील का? कंद जमिनीतच राहू द्यावेत की काढावेत? खत द्यायचं तर कोणतं आणि किती? पुढच्या वर्षी यातली किती फुलतील याचाही अंदाज हवा आहे.

वाफे_वरंबे:
पानं छाटू नका. बाकी काही जमलं नाही तरी एवढं सांभाळाच.

कारण असं की नोव्हेंबरमध्ये तुम्ही जो कंद पुरला, तो आता उरलेलाच नाही. फूल आणि पानं वर काढताना त्याने स्वतःला पूर्ण रिकामं केलं. कंदाच्या आतल्या जाड पापुद्र्यांच्या बेचक्यांतून साधारण तीन ते पाच पिल्लं धरतात आणि त्यातलं सगळ्यात आतलं, दांड्याला चिकटलेलं पिल्लू पुढच्या वर्षीचा मुख्य कंद होतं. एखादा कंद आत्ता उकरून पाहिलात तर दिसेल: बाहेर जुन्या कंदाची पातळ, चोपलेली सालं, आत पांढरी नवी पिल्लं, आणि दांडा मोठ्या पिल्लाच्या मधून न जाता बाजूने गेलेला. म्हणून फुललेल्या ट्युलिपचा नवा कंद एका अंगाने चपटा असतो. दांडा टेकलेला असतो ती ही बाजू.

हे पिल्लू भरायला फुलानंतर साधारण सहा आठवडे लागतात आणि ते भरतं फक्त पानांच्या जोरावर. पानं दोन आठवड्यांत छाटली तर पिल्लू बोराएवढंच राहतं. पुढच्या वसंतात त्याला एकच रुंद पान येतं आणि फूल येत नाही. 'ट्युलिप दुसऱ्या वर्षी फुलत नाहीत' ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच सुरू होते.

आज एवढंच करा: बोंड त्याच्या देठाशी, दांड्याच्या वरच्या टोकाला चिमटीत धरून खुडा. बी धरायला लागलं की कंदाकडे जाणारं अन्न तिकडे वळतं. दांडा मात्र राहू द्या. तोही हिरवा आहे, पानासारखंच काम करतो. गळलेल्या पाकळ्या पानांच्या बेचक्यात अडकल्या असतील तर वेचून काढा. ओल्या पाकळीखाली करडी बुरशी लगेच बसते. पानांच्या वेण्या घालायच्या, गाठी मारायच्या किंवा रबरबँड लावायचा, हे प्रकार टाळा. पानावर ऊन पडलं नाही तर ते ठेवून काय उपयोग?

पाणी: पानं हिरवी आहेत तोवर माती बोटभर खोल ओलसर लागली पाहिजे. तुमच्याकडच्या पावसात वेगळं द्यायची वेळ क्वचितच येईल. पानं पिवळी पडू लागली की पाणी पूर्ण बंद.

खताबद्दल थोडं वेगळं सांगतो. खरी मात्रा फेब्रुवारी-मार्चमध्ये, कोंब दोन-तीन इंच वर आले की द्यायची. तेव्हा मुळं भरात असतात. फुलं संपल्यावर ती हळूहळू थकत जातात, त्यामुळे आत्ता दिलेल्या खताचा फायदा मर्यादितच. तरी द्यायचंच असेल तर या आठवड्यातच द्या आणि नत्र टाळा. पोटॅशवाली खतं तिथे सहज मिळतात. 'पेटंटकाली'त ३० टक्के पोटॅश आणि १० टक्के मॅग्नेशियम ऑक्साइड असतं. एका चौरस मीटरला साधारण ४० ग्रॅम, मातीत हलकं मिसळून वर पाणी. शेणखत किंवा युरिया नको. नत्राने कंद फुगतो पण सैल राहतो आणि कूज त्यालाच आधी धरते. हाडांचं खत टाकलंत तर आसपासची कुत्री वाफा उकरतील, आणि ट्युलिपचा कंद त्यांना विषारी आहे.

जातींचं म्हणाल तर 'आपेलडोर्न' डार्विन हायब्रिड आहे. वर्षानुवर्षं फुलणाऱ्यांत हा गट सगळ्यात भरवशाचा. तीसपैकी बरेच परत फुलतील. 'क्वीन ऑफ नाइट' दुसऱ्या वर्षी फुलते, पण फूल थोडं लहान येतं. पॅरटवर मेहनत घेऊ नका. त्याचे कंद फुटून बारीक पिल्लांचा घोस होतो. ते एका वर्षाचं फूल समजूनच लावावं. पुढे कधी फोस्टेरियाना गटातली 'पुरिसिमा' किंवा 'क्लुसियाना'सारखी मूळ रानटी जात लावून बघा, त्या जमिनीत टिकतात.

कंदमुळं_कोकणी:
वरच्या उत्तराला पूर्ण अनुमोदन. मी काढणी आणि साठवणीबद्दल लिहिते, कारण तुमची माती वाचून काळजी वाटली.

ट्युलिप मुळात मध्य आशियातल्या डोंगरउतारांचा. तिथे हिवाळा कडक आणि उन्हाळा कोरडा खणखणीत. सुप्तावस्थेतला कंद थंडी सोसतो, पण उन्हाळ्यातली ओल त्याला सोसत नाही. निचऱ्याच्या वाळूमिश्र जमिनीत 'आपेलडोर्न' खुशाल तसेच ठेवले असते, पण दोन दिवस पाणी धरणाऱ्या चिकणमातीत जुलै-ऑगस्टच्या पावसात बरेच कुजतील. त्यामुळे काढा.

कधी काढायचे? पानं दोन-तृतीयांश पिवळी-तपकिरी झाली आणि हलकं ओढल्यावर फारसा जोर न लागता हाती आली की वेळ झाली. तुमच्याकडे हे जूनच्या दुसऱ्या पंधरवड्याच्या आसपास येईल. कांदा काढताना माना पडायची वाट बघतात, तसंच हे. एक कंद काढून साल बघा: पांढरी असेल तर आठवडाभर थांबा, फिकट तपकिरी झाली असेल तर उरलेले काढा. पानं पूर्ण नाहीशी होईपर्यंतही थांबू नका. मग पिल्लं सुटी होऊन मातीत विखुरतात आणि सापडत नाहीत.

दांड्यापासून वीतभर लांब फावड्याचा काटा घाला आणि खालून उचला. काटा कंदात घुसला की तो कंद बाद, जखमेतून बुरशी शिरतेच. हातात नायट्रिलचे (एक प्रकारच्या कृत्रिम रबराचे) मोजे घाला. कंदातल्या रसाने बोटांची कातडी लाल होऊन भेगाळते आणि नुसत्या साध्या मोज्यांनी ते थांबत नाही.

कंद धुऊ नका. माती झटकून त्याच दिवशी जाळीच्या ट्रेमध्ये एका थरात, सावलीत, वारा खेळेल असे पसरा. पहिल्या दिवशी ते किती लवकर कोरडे होतात यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. कडक उन्हात मात्र नको, ते भाजतात. आठवडाभराने जुनी मुळं, वाळकी सालं, सुकलेला दांडा काढून टाका आणि निवड करा.

निवडीसाठी २ युरोचं नाणं जवळ ठेवा. त्याचा घेर साधारण ८ सेंटिमीटर भरतो. कंद नाण्याएवढा किंवा त्याहून बारीक असेल तर पुढच्या वर्षी बहुधा पानच येईल. असे कंद कोपऱ्यातल्या वेगळ्या वाफ्यात एक-दोन वर्षं वाढवा किंवा सोडून द्या. १० सेंटिमीटर घेराच्या वरचे फुलतील, १२च्या वरचे दणकून फुलतील.

आता खराब कंद ओळखणं. हलका लागतो, दाबला तर पोकळ, बुडाशी तपकिरी डाग, त्यावर पांढरी किंवा फिकट गुलाबी बुरशी आणि आंबूस वास: हा फ्युझेरियम बुरशीचा रोग. असा कंद ट्रेमध्ये एक क्षणही ठेवू नका. त्यातून इथिलीन वायू सुटतो आणि शेजारच्या चांगल्या कंदांच्या पोटातली कळी जळून जाते. कंद वरून ठणठणीत दिसतात, पण वसंतात फूल येत नाही. सफरचंद-केळ्यांच्या टोपलीजवळ कंद ठेवायचे नाहीत तेही याच कारणाने. सालीवर मोहरीहून बारीक, काळे, घट्ट चिकटलेले दाणे दिसले तर तो 'ट्युलिप फायर' म्हणजे बोट्रायटिस बुरशीचा रोग. ते कंद कचऱ्यात जातील, कंपोस्टमध्ये नाही, आणि त्या जागी तीन वर्षं ट्युलिप नको. निळसर-हिरवी भुकटीसारखी बुरशी नुसती सालीवर असेल तर घाबरू नका. पुसा, वारा द्या, पुरे.

निवडलेले कंद जाळीच्या पिशवीत, १७ ते २० अंशांना, कोरड्या शेडमध्ये टांगा. पुढच्या वर्षीची कळी याच दिवसांत कंदाच्या पोटात घडते. परत लावणी नोव्हेंबरमध्ये, माती १० अंशांच्या आसपास उतरल्यावर, १५ सेंटिमीटर खोल. त्याआधी वाफा वीतभर उंच करा आणि जाड वाळू मिसळा.

सुपरमार्केटच्या कुंड्यांतले कंद उबेत घाईने फुलवलेले असतात. त्यांच्याकडून फार आशा नको. पानं वाळेपर्यंत ऊन द्या, मग कुंडी वळचणीला आडवी करून ठेवा म्हणजे पावसाचं पाणी आत जाणार नाही.

शेवंतीचा_वाफा:
दोघांचेही मनापासून आभार. पॅरट काढून टाकते, म्हणजे जागा होईल. तरी डेलियांसाठी थोडी कमीच पडते आहे. हिरव्या पानांसकट 'आपेलडोर्न' उचलून दुसरीकडे लावले तर? आणि आईबाबा जूनअखेर पुण्याला परत जाताहेत, त्यांच्याबरोबर पाच-सहा कंद पाठवता येतील का?

वाफे_वरंबे:
नाइलाज असेल तरच उचला. ट्युलिपच्या मुळांना फांद्या नसतात आणि तुटलेलं मूळ परत फुटत नाही. त्यामुळे उचललेला कंद पुरेसा भरत नाही, पानं दोन आठवडे आधीच पिवळी पडतात. करायचंच तर मातीचा पूर्ण गड्डा धरून उचला आणि उन्हातल्या चरात आधीच्याच खोलीवर लगेच बसवा, पाणी द्या.

त्यापेक्षा डेलिया महिनाभर १५ सेंटिमीटरच्या कुंड्यांत वाढू द्या. थंडीची भीती मेच्या मध्यानंतर ओसरते, पण डेलियाला घाई नसते. ट्युलिप निघाले की त्याच खड्ड्यांत डेलिया बसवा. जूनअखेर लावलेले डेलियाही ऑगस्टपासून भरपूर फुलतात.

मुळाकाठची_माती:
पुण्याबद्दल मी सांगते. पहिली गोष्ट, बॅगेतून कंद नेऊ नका. भारतात लागवडीचे कंद आणायला आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र दोन्ही लागतात. २००३च्या प्लांट क्वारंटाइन आदेशात ते आहे. विमानतळावर जप्त होतील.

दुसरी, नेले तरी फुलणं अवघड. कळी घडायला १७ ते २० अंश हवेत, ती घडल्यावर ५ अंशांच्या आसपास १२ ते १४ आठवडे गारवा हवा. कंद काढून लगेच फ्रिजमध्ये टाकण्याची चूक पुष्कळ जण करतात. कळी घडण्याआधीच गारवा मिळाला तर ती घडतच नाही. फळांच्या शेजारी ठेवले तर इथिलीनने उरलीसुरली कळीही जाते. समजा डिसेंबरअखेर कुंडीत लावून फूल आलंच, तरी फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात पानं दोन-तीन आठवड्यांत पिवळी पडतात. वर ज्या सहा आठवड्यांबद्दल लिहिलं आहे, ते पुण्याच्या हवेत मिळतच नाहीत. कंद भरतच नाही, तेव्हा दुसऱ्या वर्षाचा प्रश्न उरत नाही. श्रीनगरला ट्युलिप फुलतात ते तिथल्या हिवाळ्यामुळे.

आईबाबांना कंदाचंच फूल हवं असेल तर गुलछडी लावायला सांगा. कुंडीत दर वर्षी फुलते. फुलं संपल्यावर दांडा बुडाशी कापायचा, पानं मात्र तशीच ठेवायची.