फिल्म ‘मुरवली’ म्हणायचं की ‘कुजवली’?

एक शब्द हवाय. मी ब्लॅक अँड व्हाइट रोलवर फोटो काढते आणि हल्ली डेव्हलप झालेली निगेटिव्ह मुद्दाम नदीच्या गाळात ठेवते. कसबा पेठेतल्या एका वाड्याच्या दाराच्या फोटोची फिल्मपट्टी मुठेच्या काळ्या गाळाच्या बरणीत तीन आठवडे होती, झाकण उघडलं तर सडक्या अंड्यांचा वास, आणि फोटोत दाराच्या कडीचा आकार जसाच्या तसा पण वरची कमान ओघळून पार एका बाजूला गेलेली. फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून बनलेला, तो बॅक्टेरिया खातात आणि पातळ होऊन वाहतो. घरी मी ‘मुरत घातलीय’ म्हणते, चालेल का?

— मला नाही पटत. लोणचं मुरतं, पाणी जमिनीत मुरतं, म्हणजे काहीतरी आत जातं. इथे थरच चाललाय. सरळ कुजवणे म्हणा ना, शेणखत कुजवतात तसं. ‘चांगलं कुजलेलं खत’ हे शेतकरी कौतुकानेच म्हणतो.

— कडी तपकिरी झालीय का? मग ‘कळकली’ म्हणा. कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात आजी ताक ठेवू द्यायची नाही, कळकतं म्हणून.

— पण कळकतं ते ताक, भांडं नव्हे. इथे धातूच बदललाय. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा, गाळातले बॅक्टेरिया तो सोडतात आणि निगेटिव्हमधलं चित्र ज्या चांदीचं असतं तिचं सिल्व्हर सल्फाइड होतं, सेपिया टोनिंगमध्येही (फोटोला तपकिरी छटा देतात ते) शेवटी तेच होतं आणि पैंजण काळे पडतात तेही त्यानेच. त्याला आपल्याकडे काळवंडणे आहेच.

— पट्टी गाळासकट सुकू दिलीत तर क्षार वर येतील, तो लोणा. भिंतीला लागतो तोच, लवणावरून आलेला शब्द.

हो, कडी तपकिरीच आहे, चहाच्या डागासारखी! तुमचं ऐकून ‘मुरत’ सोडते, कारण कमान खरंच गेलीय, आत काही आलेलं नाही. प्रिंटच्या मागे लिहिलंय, ‘थर गाळात कुजवला, चांदी काळवंडली’. दुसरी पट्टी न धुता गॅलरीत टांगलीय, लोणा धरतो का बघते.