फ्यूएल पंप आणि दिवा एकत्र लावल्यावर इंजिन अडखळते: दोष कंट्रोलरचा की वायरिंगचा?

प्रश्न:
स्वतः बांधलेल्या दोन आसनी विमानात मोटारीचे इंजिन बसवले असून इंधनाची फवारणी आणि इग्निशन या दोन्हींचा ताबा एकाच इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरकडे आहे. जमिनीवर थंड इंजिन कुठेही चुकत नाही. चांगले तापल्यावर मात्र दुसरा फ्यूएल पंप आणि लँडिंग लाइट एकत्र चालू केले की क्षणभर झटका बसतो. त्याच क्षणी कंट्रोलरच्या नोंदीत कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान एकदम चढलेले आणि बॅटरीचा व्होल्टेज उतरलेला दिसतो. पॅनेलवरील व्होल्टमीटर मात्र जागचा हलत नाही. कंट्रोलर बदलावा का?

पहिले उत्तर:
तापल्यावरच उद्भवणारा दोष म्हटला की प्रथम क्रँकशाफ्ट सेन्सरकडे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याची स्थिती कंट्रोलरला कळवणाऱ्या सेन्सरकडे, पाहावे. त्याच्या कॉइलमधील बारीक तार उष्णतेने तुटते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते, त्यामुळे थंड अवस्थेत ओहम मोजून काहीच हाती लागत नाही.

दुसरे उत्तर:
सेन्सरचा संशय रास्त असला तरी दिवा लावण्याशी त्याचा संबंध लागत नाही. आपण दिलेल्या नोंदीतच उत्तर आहे. तापमानाचा सेन्सर एकतारी असेल, तर त्याचा अर्थ (बॅटरीच्या ऋण टोकाकडे जाणारी प्रवाहाची परतीची वाट) इंजिनाच्या ब्लॉकमधून जातो. कंट्रोलरचा अर्थ फायरवॉलवर (इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या भिंतीवर) असून तिथला सांधा कच्चा असेल, तर पंप आणि दिव्याचा प्रवाह त्याच सांध्यातून परतताना कंट्रोलरचा शून्य बिंदू ब्लॉकच्या वर उचलला जातो. मग सेन्सरचा सिग्नल कंट्रोलरला कमी भासतो आणि कमी व्होल्टेज म्हणजे ‘इंजिन अधिक गरम’ असे तो धरतो. बॅटरीचा आकडाही तेवढाच खाली येतो, कारण कंट्रोलर स्वतःच्या उचललेल्या अर्थपासून मोजतो.

हे ओहममीटरने सापडणार नाही. सुमारे 15 अँपिअर प्रवाहाला 0.04 ओहमचा रोधही 0.6 व्होल्टचा फरक पाडतो, आणि मीटरच्या वायरींचाच रोध बहुधा याहून जास्त असतो. म्हणून सर्व भार चालू ठेवून व्होल्टमीटरचा एक प्रोब बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरा कंट्रोलरच्या अर्थ पिनवर, कनेक्टरच्या मागच्या बाजूने, टेकवावा. 0.1 व्होल्टच्या वर गेल्यास तो मार्ग तपासण्याजोगा आहे. हे इंजिन बंद ठेवूनही करता येते, आणि तसेच करावे. फिरत्या प्रॉपेलरजवळ प्रोब घेऊन वाकणे अक्षम्य आहे.

प्रश्नकर्ता:
मोजमाप घेतले. भार नसताना 0.02, पंप आणि दिवा चालू केल्यावर 0.55 व्होल्ट. प्रोब पुढे सरकवत गेल्यावर जवळजवळ सगळा फरक फायरवॉलच्या लगखाली (तारेच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीखाली) मिळाला. तिथे पृष्ठभागावर रंगाचा थर आहे आणि लगच्या कडेला काळपट डाग पडला आहे.

दुसरे उत्तर देणारे, पुन्हा:
रंग उजळ धातूपर्यंत खरवडून काढा, क्रिम्प (तारेवर दाबून बसवलेला सांधा) कापून नवा लग बसवा. पण तेवढ्यावर थांबू नका: कंट्रोलरचा अर्थ फायरवॉलवरून काढून स्वतंत्र जाड तारेने थेट इंजिन ब्लॉकवर न्यावा, आणि ब्लॉक ते बॅटरी असा भक्कम पट्टा असावा, म्हणजे दिव्यांचा प्रवाह त्या वाटेत येणारच नाही. दोन तारी असलेल्या सेन्सरांची परतीची तार ब्लॉकला न जोडता कंट्रोलरच्या सेन्सर-अर्थ पिनवरच आणावी. त्यानंतर विमान घट्ट बांधून, इंजिन तापवून, तेच दोन भार पूर्ण थ्रॉटलवर लावून नोंद पुन्हा घ्यावी. तापमानाची रेघ सरळ राहिली आणि तरीही झटका आला, तरच क्रँकशाफ्ट सेन्सरकडे वळावे.