सल्ला हवा: बाबांना भेट द्यायला इनडोअर बोल्सचा सेट

मेघना_कॉव्हेंट्री
नमस्कार मंडळी. निवृत्तीनंतर बाबा आमच्याकडे राहायला आले. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत लॉन बोल्सचे (हिरवळीवर जड गोळे, म्हणजे बोल्स, घरंगळवत एका लहान चेंडूच्या जवळ नेण्याचा खेळ) सामने इथे जवळच, लेमिंग्टन स्पाला झाले. भारताच्या चौघींनी अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला १७-१० असं हरवून सुवर्णपदक घेतलं, ते बाबांनी टीव्हीवर पाहिलं आणि तेव्हापासून हा खेळ त्यांच्या डोक्यात बसला आहे. आता हिवाळाभर इनडोअर क्लबात, म्हणजे आत गालिच्यावर खेळायला जातात, पण क्लबचेच बोल्स वापरतात. नोव्हेंबरात त्यांना सत्तर पूर्ण होतील. स्वतःचा सेट द्यावा असं मनात आहे, शक्यतो आधी न सांगता. दुकानांच्या साइटवर साइज, वेट, बायस आणि रंग बघून काहीच ठरेना. बजेट २५० पौंडांपर्यंत. उजव्या अंगठ्याचा सांधा त्यांना अधूनमधून त्रास देतो, तेही लक्षात घ्यायला हवं.

अनिल_ग्लासगो
मेघनाताई, फार छान भेट आहे. फक्त कंपनी आणि रंग शेवटी बघा, आधी हाताचं माप. बोल हातात बसला नाही तर कितीही भारी सेट असो, कपाटातच राहतो.

साइज साधारण डबल झिरोपासून सुरू होतात, मग झिरो, एक, दोन असे चढत जातात. मापाची जुनी रीत अशी: दोन्ही हातांनी बोल त्याच्या सर्वांत रुंद भागावर धरायचा, अंगठे वर एकमेकांना टेकवायचे. खाली दोन्ही मधली बोटं एकमेकांना जेमतेम टेकली तर तो साइज साधारण बरोबर. मग एका हातात घेऊन हात पुढे करायचा आणि तळवा जमिनीकडे वळवायचा. बोल निसटेल असं वाटलं तर एक साइज खाली यायचं. अंगठा दुखत असेल तर मी दोन साइजमधला लहानच घेईन.

न सांगता द्यायचं असेल तर एक वाट आहे. बाबा क्लबात नेहमी कोणते बोल्स उचलतात ते बघा. साइजचा आकडा बोलवरच कोरलेला असतो, शेजारी बहुधा एच असतं, म्हणजे हेवी. इनडोअरला बहुतेक जण हेवीच घेतात.

आता बायस. बोलची एक बाजू वेगळ्या घडणीची असल्यामुळे तो सरळ न जाता वळतो, आणि वेग कमी होईल तसा जास्त वळतो, भोवरा थकला की कलंडतो तसा. आतला गालिचा गुळगुळीत आणि वेगवान असतो. बोल जास्त वेळ घरंगळतो, म्हणून वळणही जास्त घेतो. बाहेरच्या हिरवळीसाठी घेतलेला रुंद बायसचा बोल आत शेजारच्या रिंकवर (खेळायच्या पट्टीवर) जाऊन पडतो. तेव्हा नॅरो (कमी वळणारा) किंवा मध्यम बायस मागा. ड्रेक्स प्राइड कंपनीचा एक्सपी हा नॅरो बायसवाल्यांत खूप दिसतो. आमच्या गावच्या टेलर कंपनीचेही चांगले आहेत, १७९६ पासून बनवतात.

स्मिता_यॉर्कशायर
अनिलकाकांच्या सांगण्यात एक भर. ऑनलाइन घेताना 'क्राउन ग्रीन' लिहिलेलं असेल तर घेऊ नका. आमच्या उत्तरेकडे तो वेगळाच खेळ आहे, मधोमध उंचवटा असलेल्या हिरवळीवर खेळतात आणि बोल्स दोनच्या जोडीनं मिळतात. तुम्हाला चारचा सेट हवा. 'कार्पेट बोल्स' म्हणून लहान बोल्स विकतात, तेही हे नव्हेत. शॉर्ट मॅटला, म्हणजे आखूड गालिचा अंथरून खेळतात त्या प्रकाराला, मात्र नेहमीचेच बोल्स चालतात, म्हणजे बाबा कधी गावातल्या हॉलमध्ये खेळायला गेले तर हाच सेट उपयोगी पडेल.

आणि नवाच घ्या. सत्तरीची भेट आहे, दुसऱ्याचं नाव कोरलेले बोल्स कशाला?

रवी_बेलफास्ट
स्मिताताई, इथे मी थोडा वेगळा विचार करतो. नवा सेट २०० पौंडांच्या पुढे जातो आणि साइज चुकला तर मन खट्टू होतं. खेळ थांबवलेल्या ज्येष्ठांचे उत्तम सेट क्लबच्या फलकावर बऱ्याच कमी पैशांत मिळतात. बोल वर्षानुवर्षं टिकतो. फक्त चारही बोल्सवर एकच सेट नंबर आहे ना ते बघा, आणि कडेला कपचे उडालेले नसावेत. बोल नियमात बसतो असा शिक्का, म्हणजे स्टॅम्प, त्यावर असतो आणि त्यात वर्ष असतं. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ते बघतात. तुमच्या क्लबचं काय ते सेक्रेटरींना विचारा.

मेघना_कॉव्हेंट्री
सगळ्यांचे मनापासून आभार! काल बाबांना सोडायला गेले तेव्हा हळूच पाहिलं, चार एच आहे. पण टाकताना ते बोल दोन्ही हातांनी सावरून घेतात आणि सोडताना अंगठा सारखा सरकतो.

अनिल_ग्लासगो
मग चार मोठा पडतोय. तीन घेऊन बघू दे, कदाचित दोनही. आणि धरायची पद्धत विचारा. अंगठा वर ठेवून दाबत असतील तर 'क्रेडल' पकड शिकायला सांगा. त्यात बोल तळव्यावर विसावतो, अंगठा बाजूला राहतो आणि सांध्यावर ताण कमी येतो. कडेला खोलगट खाचांची ग्रिप असलेले बोल्स घ्या, हात कोरडा पडला तरी पकड सुटत नाही. ग्रिपो नावाचं मेणही मिळतं, डबी छोटी असते, भेटीसोबत ठेवा.

माझं स्पष्ट मत: हातात न देता सेट घेऊ नका. वाढदिवसाला बॅग द्या, चाकांची. चार बोल्स मिळून पाच-सहा किलो होतात, सत्तरीत खांद्याला लटकवायला नको. बॅगेत चिठ्ठी ठेवा की शनिवारी बोल्सच्या दुकानात जायचंय. तिथे त्यांना दोन, तीन, चार असे साइज हातात घेऊन बघू द्या. रंगही त्यांनाच निवडू द्या. माणूस रोज हातात धरणार ती वस्तू आहे.

स्मिता_यॉर्कशायर
हे पटलं. बजेट उरलं तर जानेवारीत नॉरफोकमधल्या हॉप्टन-ऑन-सीच्या पॉटर्स रिसॉर्टला जागतिक इनडोअर स्पर्धा असते, तिकीट काढून घेऊन जा. टीव्हीवर गालिच्यावरचं वळण नीट कळत नाही. रिंकच्या टोकाला बसलं की बोल कुठून वळायला लागतो ते दिसतं.

मेघना_कॉव्हेंट्री
बॅग आजच मागवते. चिठ्ठी मराठीत लिहीन. दुकान कोणतं ते क्लबच्या कोचना विचारते, आणि शूजचा तळ सपाटच हवा का, तेही.

रवी_बेलफास्ट
सपाटच. टाच असलेले शूज बहुतेक इनडोअर क्लबांत गालिच्यावर चढू देत नाहीत.