‘ऑप्ट-आउट’ला ‘सूट’ म्हणावं का?

कानामात्रा:
अमेरिकेतल्या एका मराठी वार्तापत्रासाठी भाषांतर चालू आहे. विषय: नर्सनी भूल देण्याबद्दलचे राज्याराज्यांतले कायदे आणि त्यांवरून डॉक्टर व नर्स संघटनांची विधिमंडळांत चाललेली ओढाताण. एक वाक्य असं केलं: ‘भूलतज्ज्ञांच्या देखरेखीतून सूट मिळवणारं आयोवा हे पहिलं राज्य, तिथल्या राज्यपालांनी डिसेंबर २००१ मध्ये तसं पत्र केंद्राला दिलं.’ मूळ शब्द ‘ऑप्ट-आउट’, म्हणजे भूल देणाऱ्या नर्सवर देखरेख हवी या केंद्राच्या अटीतून राज्याने बाहेर पडणं. संपादकांनी ‘सूट’ खोडून ‘माघार’ केलं. माघार हरणारा घेतो, म्हणून पटत नाही. काय लिहावं?

दौतटाक:
माघार नकोच, पण सूटही नको. सूट देणारा वर बसलेला असतो आणि घेणारा अर्ज घेऊन उभा. पाणीपट्टीत सूट, वयात सूट. इथे तसं नाही. मेडिकेअर ही ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्यविमा योजना चालवणाऱ्या सीएमएसचा १३ नोव्हेंबर २००१चा नियम सांगतो की गव्हर्नरने राज्याच्या वैद्यक मंडळाशी आणि नर्सिंग मंडळाशी सल्लामसलत करायची आणि पत्रात तीन गोष्टी लिहून द्यायच्या: सल्लामसलत झाली, हे नागरिकांच्या हिताचं आहे, राज्याच्या कायद्याशी सुसंगत आहे. पत्र दाखल झालं की लागू. मागे घेतलं तरी तसंच. कुणाच्या मंजुरीची वाट बघायची नाही, मग सूट कसली? ‘अंग काढून घेणं’ हा आपला सरळ वाक्प्रचार आहे.

फुटपट्टी:
नियम उघडून बघा. त्या पोटकलमाचं शीर्षकच ‘राज्याला सूट’ या अर्थाचं आहे. ‘ऑप्ट-आउट’ हा शब्द आत, पत्रात काय लिहायचं त्या वाक्यात येतो. नियम करणाऱ्यांनीच दोन्ही शब्द वापरलेत. आणि ‘अंग काढून घेणं’ला जबाबदारी टाळल्याचा वास येतो. विरोधकांचा आरोप नेमका तोच आहे. भाषांतरकाराने तो त्यांच्या पदरात आयता का टाकावा?

हाकेवर:
शब्दाआधी वाक्य दुरुस्त करा. ‘भूलतज्ज्ञांच्या देखरेखीतून’ हे चूक आहे. रुग्णालयांच्या नियमात सीआरएनएवर, म्हणजे भूल देण्याचं प्रगत शिक्षण घेतलेल्या नर्सवर, देखरेख ‘शस्त्रक्रिया करणाऱ्याची किंवा गरज पडताच येऊ शकणाऱ्या भूलतज्ज्ञाची’ असते. दोघांपैकी कुणीही चालतो. भूलतज्ज्ञ नसलेल्या छोट्या गावातल्या रुग्णालयात ही देखरेख सर्जनच्या नावावर असते. म्हणून ‘डॉक्टरच्या देखरेखीतून’ लिहा.

दुसरं, हा नियम मेडिकेअरमध्ये सहभागी राहण्याच्या अटींपुरता आहे. गव्हर्नरच्या पत्राने राज्याचा नर्सिंग कायदा बदलत नाही आणि रुग्णालयाला स्वतःच्या नियमावलीत देखरेख ठेवायची असेल तर तीही थांबत नाही. भूलतज्ज्ञाचे सहायक, म्हणजे सीएए, यांना तर ते पत्र लागूच नाही. त्यांच्यावर भूलतज्ज्ञच हवा, सर्जन चालत नाही. ‘राज्यात नर्सना मोकळीक’ असं एका ओळीत लिहिलं की या सगळ्यावर पाणी पडतं.

दौतटाक:
मान्य. मग ‘देखरेख’च्या जागी ‘पर्यवेक्षण’ घ्या. कायद्याची भाषा आहे, मोघम नको.

चहाबिस्किट:
पर्यवेक्षक म्हटलं की दहावीच्या वर्गात बाकांमधून फिरणारे सर डोळ्यांपुढे येतात. वार्तापत्र वाचणाऱ्या आजीआजोबांना देखरेख कळते. कळणारा शब्द असताना संस्कृतात जायची हौस कशाला?

हाकेवर:
दोन्ही लागतील, कारण मेडिकेअरच्या बिलाच्या नियमांत दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. ‘मेडिकल डायरेक्शन’ म्हणजे एक भूलतज्ज्ञ एकाच वेळी जास्तीत जास्त चार शस्त्रक्रिया सांभाळतो आणि प्रत्येकीत सात गोष्टी करतो: आधीची तपासणी, भुलेचा आराखडा, भूल चढवताना व उतरवताना प्रत्यक्ष सहभाग, स्वतः न केलेलं काम पात्र माणसाकडूनच होतंय याची खात्री, वरचेवर पाहणी, तातडीसाठी जवळ हजर राहणं, नंतरची काळजी. मग पैसे निम्मे डॉक्टरला, निम्मे नर्सला. पाचवी केस सुरू झाली की ते ‘सुपरव्हिजन’ होतं. डॉक्टरच्या बिलाला ‘एडी’ खूण लागते आणि त्याला प्रत्येक केसमागे तीनच मूळ एकक (पैसे मोजायचं माप) मिळतात, भूल चढवताना हजर असल्याची नोंद असेल तर आणखी एक.

गफलत होते ती इथेच. बिलात ‘सुपरव्हिजन’ ही ‘डायरेक्शन’च्या खालची, सैल पायरी. रुग्णालयाच्या नियमात तोच शब्द, पण वेगळी अट. दोन्हीकडे ‘देखरेख’ लिहिलंत तर वाचकाला वाटेल की ऑप्ट-आउटमुळे बिलं बदलतात. नर्सने डायरेक्शनशिवाय काम केल्याची ‘क्यूझेड’ खूण ऑप्ट-आउट न केलेल्या राज्यांतही चालते.

चहाबिस्किट:
मग डायरेक्शनला ‘दिग्दर्शन’ करा, म्हणजे भूलतज्ज्ञ खुर्चीत बसून ‘कट’ म्हणेल.

फुटपट्टी:
‘निर्देशन’ आहे की. पण मला खटकतो तो ‘राज्यपाल’. आपला राज्यपाल राष्ट्रपती नेमतात, तिकडचा गव्हर्नर निवडून येतो आणि सरकार चालवतो. आपल्या हिशेबात तो मुख्यमंत्री. कॅलिफोर्नियात २००९ मध्ये तेव्हाचा गव्हर्नर श्वार्झनेगरने हे पत्र दिलं. डॉक्टरांच्या संघटना कोर्टात गेल्या आणि २०१२ मध्ये अपील कोर्टाने गव्हर्नरची बाजू उचलून धरली. हे ‘राज्यपाल’ घालून वाचलं की मराठी माणसाला राजभवनातला वाद वाटतो.

दौतटाक:
वर्तमानपत्रं वर्षानुवर्षं ‘गव्हर्नर’च छापताहेत, त्यावर भांडण नाही. पण उद्या ‘मेयर’, ‘शेरीफ’ सगळंच जसंच्या तसं घ्याल. मराठी कुठे उरणार?

रानवाट:
शेरीफ मुंबईतही आहे, त्याला आपण नगरपाल म्हणतो आणि काम निव्वळ मानाचं. शब्द सारखा, खुर्ची वेगळी.

मूळ पेच मला ‘भूलतज्ज्ञ’मध्ये दिसतो. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे ‘ॲनेस्थेटिस्ट’ म्हणजे डॉक्टर. अमेरिकेत तो शब्द नर्सकडे गेला आणि डॉक्टर ‘ॲनेस्थेशियॉलॉजिस्ट’ झाले. आता भूल देणाऱ्या नर्सची संघटनाही तिकडे सरकली. ऑगस्ट २०२१ मध्ये तिने आपल्या नावातलं ‘नर्स ॲनेस्थेटिस्ट्स’ काढून ‘नर्स ॲनेस्थेशियॉलॉजी’ केलं. त्याच वर्षी मार्चमध्ये न्यू हॅम्पशरच्या सर्वोच्च न्यायालयाने वैद्यक मंडळाचं म्हणणं उचलून धरलं होतं की ‘ॲनेस्थेशियॉलॉजिस्ट’ म्हणवून घ्यायला वैद्यकीय परवाना हवा. अख्खा खटला दोन प्रत्ययांवर. मराठीत दोन्हींना ‘तज्ज्ञ’ लागतो, म्हणजे तुमच्या भाषांतरात हा वादच दिसणार नाही.

कानामात्रा:
‘भूल-परिचारिका’ लिहिलंय.

रानवाट:
त्या पेशात पुरुष कमी नाहीत. ब्रदरला परिचारिका म्हणणार का?

चहाबिस्किट:
‘भूलनर्स’. झालं.

दौतटाक:
‘भूल’ म्हणजे चूक. सरकारी रुग्णालयांत ‘बधिरीकरण विभाग’ अशी पाटी असते. तोच धरा.

रानवाट:
बधिर म्हणजे आधी बहिरा! बधिरीकरण दात काढताना शोभतं, जागा बधिर होते. पूर्ण झोपवलेल्या माणसाला ‘बधिर केलं’ कुणी म्हणत नाही, भूल दिली म्हणतात. आणि ही भूल चुकीची नव्हेच. भुलणे, भुलवणे, भुरळ, रानभूल हे सगळं भान हरपण्याचं कूळ. माणूस वाट चुकतो, कारण आधी भान जातं. चूक हा अर्थ मागून आला असणार.

फुटपट्टी:
‘भुरळ’ त्या कुळातला आहे याला आधार? ‘ल’चा ‘र’ सोयीने करू नका.

रानवाट:
सोयीने नाही, कानाने.

हाकेवर:
रानवाट यांनी ‘वैद्यकीय परवाना’ लिहिलंय. आपल्याकडे डॉक्टरची ‘नोंदणी’ होते, महाराष्ट्र वैद्यक परिषदेत. तिकडे ‘लायसन्स’, तेही राज्यागणिक.

दौतटाक:
शासकीय मराठीत लायसन्स म्हणजे अनुज्ञप्ती. परवाना म्हणजे परमिट. आरटीओचा कागद बघा.

चहाबिस्किट:
बघितला. रांगेतला प्रत्येक जण ‘लायसन’च म्हणत होता.

हाकेवर:
शब्द कोणताही घ्या, पण ‘कॉम्पॅक्ट’, म्हणजे परवान्यांबद्दलचा राज्याराज्यांतला करार, नर्स आणि डॉक्टर दोन्हीकडे सारखं भाषांतरू नका. नर्सच्या आंतरराज्य करारात एकच परवाना सगळ्या सदस्य राज्यांत चालतो. डॉक्टरांच्या करारात, ज्याखाली परवाने २०१७ पासून मिळताहेत, फक्त वाट आखूड होते. मुख्य राज्याकडून पात्रतापत्र घ्यायचं, कराराचे ७०० डॉलर भरायचे, मग हव्या त्या प्रत्येक राज्याचं वेगळं शुल्क आणि वेगळा परवाना. सीआरएनएची गंमत अशी की नर्स म्हणून तिचा परवाना करारात बसतो, भूल देण्याचा प्रगत परवाना बसत नाही. त्यासाठीचा वेगळा करार सात राज्यांनी मंजूर केल्याशिवाय लागूच होत नाही. ‘एक परवाना, सगळी राज्यं’ हे वाक्य तिघांना लावलं की दोघांच्या बाबतीत खोटं.

कानामात्रा:
सगळं टिपून घेतोय. पण रात्री मजकूर द्यायचा आहे. सूट की माघार? आणि शेवटी एक वाक्य आहे, ‘समितीने विधेयक टेबल केलं’. मी ‘पटलावर ठेवलं’ असं केलंय.

फुटपट्टी:
अहो, उलटं! ‘पटलावर ठेवणं’ म्हणजे सभागृहापुढे मांडणं, ही आपली आणि ब्रिटिशांची रीत. अमेरिकेत टेबल करणं म्हणजे बाजूला सारणं. ते विधेयक बासनात गेलंय.

दौतटाक:
बासनात की बस्त्यात? ‘बासनात गुंडाळणं’ बरोबर आहे, पण बासन म्हणजे मुळात भांडं की फडकं, यावर मागेही वाद झाला होता.

रानवाट:
फडकं. पोथीचं.