रजा संपत आली. परत रुजू झाल्यावर टिकायचं कसं?

नवीआई: बाळ सहा महिन्यांचं झालंय, पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय. काम आवडतं, सोडायचं नाहीये. पण आमच्या विभागात बाळंतपणानंतर परत आलेल्या दोघींनी वर्षाच्या आत राजीनामे दिले. ज्या टिकल्या त्यांनी सांगा, कशामुळे जमलं? 'मन खंबीर ठेव' सोडून काहीही चालेल.

लॅबवाली: मन खंबीर ठेवून पोराचा ताप उतरत नाही, खरंय. मुलगी आता शाळेत जाते, मी अजून त्याच लॅबमध्ये आहे. पाळणाघराच्या फॉर्मवर पहिला नंबर कुणाचा, ते आधी ठरव. आमच्याकडे नवऱ्याचा. तिथल्या बाईंनी दोनदा विचारलं, "आईचा वर लिहू ना?" दुपारी 'अंग गरम लागतंय' म्हणून फोन आला की कुणाला तरी हातातलं टाकून निघावंच लागतं. दरवेळी तूच निघालीस की साहेब मोठ्या कामाला तुझं नाव घेणं बंद करतात, तेही तुझ्याच काळजीपोटी! आम्ही वार वाटून घेतलेत. अडचण असेल तर आदल्या रात्री अदलाबदल. भांडणं होतात, होऊ देत.

दोनमुलांचीआई: नवऱ्याच्या ऑफिसनं सोडलं तर ना!

लॅबवाली: म्हणूनच नियम लागतो. नॉर्वेत बापांना रजा आधीही घेता यायची, घेणारे तुरळक. १९९३ मध्ये चार आठवडे फक्त वडिलांसाठी राखले, न घेतल्यास बुडीत. काही वर्षांतच बहुतेक बाप घ्यायला लागले.

दोनमुलांचीआई: आणि पाळणाघर परवडायला नको? कॅनडातल्या क्वेबेक प्रांतानं १९९७ पासून टप्प्याटप्प्यानं दिवसाला पाच डॉलरवर आणलं, तेव्हा कामावर जाणाऱ्या आया वाढल्या. पगार तिथेच संपत असेल तर घरचेच म्हणतात, कशाला जातेस?

लॅबवाली: शंभर टक्के. आणखी एक, तुझं काम दुसऱ्याला उचलता येईल असं ठेव. अर्थशास्त्राचं २०२३ चं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन फार्मसिस्टचं उदाहरण देतात: एकाच्या जागी दुसरा सहज उभा राहतो, म्हणून तिथे बाई-पुरुषांच्या कमाईत फरक कमी. आमच्याकडे प्रत्येक नमुना कुठवर आलाय ते रजिस्टरमध्ये असतं. मी निघाले तरी काम अडत नाही.

नवीआई: दूध काढायचं कुठे? जागा मागायला संकोच वाटतो.

लॅबवाली: रुजू व्हायच्या आधीच माग. आतून कडी लागणारी खोली, फ्रिज आणि ठरलेली वेळ. तोंडी 'बघू' म्हणाले तर ईमेलवर घे.