जुन्या बोटीची चालकाची सीट डुलतेय: जाड स्क्रू लावावेत की आरपार बोल्ट?

खाडीवारा (प्रश्न)

१९ फुटी फायबरग्लास बोट, साधारण तीस वर्षं जुनी. चालकाची सीट ॲल्युमिनियमच्या पेडेस्टलवर (खांबावर) आहे. बेस प्लेट डेकला सहा लाकडी स्क्रूंनी बसवलेली. वेगात लाट आपटली की सीट मागेपुढे डुलते. दोन स्क्रू नुसते जागेवर फिरतात. एक बाहेर काढला तर त्याच्या आट्यांत तपकिरी, ओला भुसा अडकलेला होता. भोकांत आधीच कुणीतरी सीलंट कोंबलंय. डेकच्या खालून हात पोचतो, पण पुढच्या लॉकरमधून, म्हणजे पुढच्या तीन भोकांपर्यंतच. त्याच भोकांत जाड आणि लांब स्क्रू लावले तर भागेल का? बेस प्लेट शक्यतो तीच ठेवायची आहे.

निळंशीड

नाही भागणार. डेकच्या वरखालच्या फायबरग्लास थरांमधला (कातड्यांमधला) प्लायवूडचा गाभा, ज्याला स्क्रू धरायचा, तोच कुजलाय. जाड स्क्रूने भोक मोठं होईल आणि पाणी आत जायला आणखी वाट मिळेल.

जोर किती येतो ते बघा. पाठ टेकण्याची जागा डेकपासून ६०० मिमी वर आणि पुढच्या-मागच्या बोल्टांत १८० मिमी अंतर असेल, तर पाठीवर ४० किलोचा धक्का बसला की मागच्या किंवा पुढच्या ओळीवर सुमारे १३० किलोची ओढ येते. तीही प्रत्येक लाटेला, उलटसुलट. लाकडात रुतलेला स्क्रू हे फार दिवस सोसत नाही. आरपार बोल्ट, खाली बॅकिंग प्लेट (डेकखालून आधार देणारी प्लेट) आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज ढिला न होणारा), हाच पक्का उपाय.

त्याआधी डेक ठोकून पाहा. स्क्रू-ड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने बेसभोवती एक-एक इंचावर ठोका. टणक आवाज असेल तिथे गाभा शाबूत आहे, बद्द आवाज आला तर सडलाय. हातभर भाग बद्द वाजत असेल तर भोकं भरून उपयोग नाही. वरची कातडी कापून गाभाच बदलावा लागेल.

गाभारा_इपॉक्सी

सड भोकांपुरतीच असेल तर असं करा. जुनं सीलंट पूर्ण खरवडून काढा. ते सिलिकोन असेल तर जास्तच काळजी घ्या, त्याचा पातळ थर राहिला तरी त्यावर काहीही चिकटत नाही. ८ मिमीचा बोल्ट घ्यायचा असेल तर वरच्या कातडीत आणि गाभ्यात १६ मिमीचं भोक पाडा, खालची कातडी अखंड ठेवा. जुनं भोक तिच्यातूनही गेलं असेल तर खालून टेप लावून बंद करा. मग काटकोनात वाकवलेली ॲलन की ड्रिलला लावून कातड्यांमधला गाभा चौफेर १० मिमी कोरून काढा. भुसा कोरडा निघेपर्यंत थांबू नका. ओल राहिली असेल तर पंखा लावून सुकू द्या, घाई इथेच नडते.

आधी पातळ इपॉक्सी भोकात सोडून लाकडाला पिऊ द्या. मग त्याच इपॉक्सीत कोलॉइडल सिलिका (घट्टपणा आणणारी बारीक पूड) मिसळून, काडीवरून ओघळणार नाही इतकं घट्ट करून भरा. भोक खोल असेल तर दोन टप्प्यांत, कारण एकदम जास्त ओतलं की ते तापतं, फेसाळतं आणि ठिसूळ होतं. हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलंय तेच, लवकर सुकावं म्हणून वाढवायचं नाही. किमान २४ तासांनी मधोमध ८.५ मिमीचं आरपार भोक पाडा. आता बोल्टभोवती सगळीकडे इपॉक्सी आहे. पुढे कधी सीलंट गेलं तरी पाणी लाकडापर्यंत जाणार नाही.

सांधा

वरचं सगळं बरोबर, पण खेळ नेमका कुठे आहे हे आधी ठरवा. एकाने सीट हलवायची, दुसऱ्याने बेसच्या कडेवर बोट ठेवायचं. कडा हलत नसेल तर बोल्टांचा दोष नाही. खांब आणि बेसच्या नळीतला नायलॉनचा बुश (मधली बाही) झिजलेला असतो, किंवा सीटच्या तळातले टी-नट (लाकडात ठोकून बसवलेले नट) लाकडातून सुटलेले असतात.

बेस प्लेटची भोकं लांबट झाली असतील किंवा भोकापासून कडेपर्यंत केसाएवढी जरी चीर दिसली, तर बेस बदला. ओतीव ॲल्युमिनियमची चीर वाढतच जाते, मोठा वॉशर ती फक्त झाकतो.

आट्यांचंही सांभाळा. जुन्या बोटींत बहुधा इंची आटे असतात. पाव इंची, २० आट्यांच्या टी-नटमध्ये एम६ (६ मिमी) बोल्ट ढिला जातो, दोन फेरे पकड घेतल्यासारखा वाटतो आणि जोर आला की आटे सोलतो. ५/१६ इंची आणि एम८ (८ मिमी) यांचीही जोडी जमत नाही. नट-बोल्ट जोडीनेच घ्या, ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे. स्टेनलेसवर स्टेनलेस नट इम्पॅक्ट ड्रायव्हरने फिरवू नका, आटे एकमेकांत वितळल्यासारखे जाम होतात. अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) लावून हातपान्याने हळू आवळा. बेसच्या ॲल्युमिनियमला बोल्ट जिथे टेकतो तिथेही ते लावा, नाहीतर खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

खाडीवारा

ठोकून पाहिलं, बद्द आवाज भोकांभोवती जेमतेम दोन बोटं आहे. बेसची कडा हलतेय, प्लेटला चीर नाही. मागच्या तीन भोकांना खालून नट लावता येत नाही, त्यांचं काय?

निळंशीड

मागच्या ओळीजवळ डेकला १५० मिमीचं गोल तपासणी झाकण बसवा. बेसपासून हातभर अंतरावर, मनगट वाकवून पाना पोचेल असं. मात्र आधी खाली काय आहे ते लॉकरमधून टॉर्च आणि आरसा घेऊन बघा. अशा बोटींत बऱ्याचदा सीटखालीच इंधनाची टाकी असते. टाकी असेल तर ड्रिलच्या टोकाला टेप गुंडाळून खोलीची खूण करा आणि बिल्ज (बोटीच्या तळातली पोकळी) हवेशीर ठेवा.

बॅकिंग प्लेट ६ मिमीची फायबरग्लास शीट किंवा ॲल्युमिनियम, बेसपेक्षा चारी बाजूंनी ३०-४० मिमी मोठी. डेकची खालची बाजू खडबडीत असते, म्हणून प्लेट घट्ट इपॉक्सीवर बसवा, नाहीतर ती तीनच ठिकाणी टेकते.

सांधा

वरच्या भोकांच्या तोंडाला काउंटरसिंकने (शंकूच्या आकाराच्या ड्रिलने) थोडा उतार द्या, म्हणजे तिथे सीलंटची रिंग राहते. ब्यूटाइल टेप किंवा पॉलिसल्फाइड वापरा. कायमचं चिकटणारं पॉलीयुरेथेन नको, पुढच्या वेळी बेस काढताना जेलकोट (डेकचा वरचा चकचकीत थर) सोलून येईल. पॉलिसल्फाइड असेल तर पहिल्या दिवशी सीलंट कडेने बाहेर येईपर्यंतच आवळा. ते पूर्ण सुकल्यावर बोल्ट वरून धरून ठेवा आणि फक्त खालचा नट फिरवा. बोल्ट फिरला की रिंग तुटते. नटच्या बाहेर दोन-तीन आटे दिसले पाहिजेत.